तीन चाकं, तीन वाटा

अमेरिकेत निवृत्त झालेला मराठी माणूस तीनपैकी एका वाटेने जातो. पहिला खिडकीत कढीपत्त्याचं रोप जगवतो आणि त्याला फुटलेल्या प्रत्येक पानाची बातमी भारतात फोनवर कळवतो. दुसरा नातवंडांना शाळेतून आणतो आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात नाट्यसंगीताला पुढची खुर्ची धरतो. तिसरा मोटरसायकल घेतो. माझे साडू तिसऱ्यांतले. पण साठी उलटल्यावर दोन चाकांवर बसायला ताईंची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, परवानगी मिळेना, आणि चार चाकांवर समाधान मानायला साडूंचा स्वाभिमान तयार होईना. शेवटी वाटाघाटी होऊन तीनवर तडजोड झाली.

कॅन-ॲम स्पायडर आरटी हे त्या तडजोडीचं नाव. पुणेकराला तिचं वर्णन एका वाक्यात सांगता येतं: रिक्षा उलटी जोडली की स्पायडर होते. पुढे दोन चाकं, मागे एक. इंजिन मात्र रिक्षाचं नाही. तीन सिलिंडरचं, १३३० सीसीचं, ११५ अश्वशक्तीचं रोटॅक्स. वजन साडेचारशे किलोंच्या वर, आणि ते रिकाम्या टाकीचं. पुढे डिकी, मागे डिकी, बाजूंना दोन डिक्या, बटण दाबलं की वर-खाली होणारी काच, गरम होणाऱ्या मुठी आणि उलटं जायला रिव्हर्स गिअर. हाताने दाबायचा ब्रेक नाहीच. पायाखाली एक पेडल, ते दाबलं की तिन्ही चाकं एकदम थांबतात. मी आयुष्यभर चेतक चालवलेला माणूस. स्कूटर चालू झाली नाही की ती आडवी करायची, एवढंच माझं यंत्रज्ञान. स्पायडरकडे पाहून मी पहिला प्रश्न तोच विचारला, "भाऊ, ही आडवी कशी करता?" साडूंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी मला एक हेल्मेट दिलं.

गाडी डांबरी रस्त्यावरची राणी, यात वाद नाही. पण साडूंना डांबर पुरेना. त्यांना डाल्टन हायवेवर जायचं होतं. अलास्कातल्या फेअरबँक्सच्या उत्तरेला सुरू होऊन आर्क्टिक महासागराच्या काठाजवळच्या डेडहॉर्सपर्यंत जाणारा ४१४ मैलांचा रस्ता. किलोमीटरमध्ये ६६६, पण हा आकडा ताईंना सांगायचा नाही असं आमचं ठरलं होतं. अधूनमधून डांबराचे तुकडे, बाकी खडी, मुरूम आणि धूळ. उत्तरेकडच्या तेलविहिरींपर्यंत सामान पोचवायला हा रस्ता १९७४ साली बांधला, तोही पाच महिन्यांत. आमच्या गल्लीत ड्रेनेजचा पाइप टाकायला खणलेला खड्डा त्याहून जास्त काळ उघडा होता, हे मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतो चला, तुम्हाला सवय आहे."

गाडी खडीसाठी बनलेली नाही, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यावर त्यांचा युक्तिवाद घराण्याचा होता. स्पायडर बनवणारी बीआरपी कंपनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली. तिचा मूळपुरुष म्हणजे जोसेफ-आर्मान्द बॉम्बार्डिए. बर्फाने वाटा बंद होणाऱ्या मुलखात माणसं पलीकडे कशी न्यायची, याच ध्यासात या माणसाचं आयुष्य गेलं, आणि १९५९ साली त्याने स्की-डू बाजारात आणली. पुढे दोन स्की, मागे एक फिरता पट्टा. साडू म्हणायचे, "बघा की! पुढे दोन, मागे एक. स्कीच्या जागी चाकं लावली की झाली स्पायडर. खानदान बर्फातलं आहे, साडभाऊ. ही खडीला घाबरेल होय?" साडू मूळचे कराडचे, आणि कराडच्या माणसाने खानदान काढलं की वाद संपतो. स्पायडर २००७ साली बाजारात आली तेव्हा कंपनीने मात्र हे खानदान पाळलं नव्हतं. पोट जमिनीपासून जेमतेम साडेचार इंच. आमच्या सोसायटीतला स्पीडब्रेकर याहून उंच आहे.

सिएटलजवळच्या त्यांच्या गॅरेजमध्ये ही उंची वाढवण्यापासून कामाला सुरुवात झाली. मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि पहिल्याच सकाळी मला हँडग्लोव्ह्ज मिळाले.

पहिला विषय टायरचा. कंपनीचे टायर गुळगुळीत रस्त्यासाठीचे. साडूंना चिखल-बर्फात चालणारे, खोल खाचांचे मोटारीचे टायर हवे होते. मोटरसायकलला मोटारीचा टायर लावणं याला तिकडचे स्वार 'डार्क साइडला जाणं' म्हणतात आणि त्यावर दोन गट पाडून भांडतात. आम्ही गाडी घेऊन एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने गाडी पाहिली, टायर पाहिले आणि साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला. साहेबांनी बहुतेक वकिलांना विचारलं, कारण बाहेर कुणी येईना. दुसऱ्या दुकानातही तेच. मग साडूंनी घरी येऊन चाकंच खोलली आणि नुसती चाकं हातात धरून तिसऱ्या दुकानात गेलो. तिथे दहा मिनिटांत टायर चढले. चाक कुठल्या गाडीचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मागे २२५/५० च्या जागी २०५/६० बसवला, त्यामुळे गाडीचं बूड सेंटिमीटरभर उचललं गेलं. त्या एका सेंटिमीटरची बातमी साडूंनी तीन राज्यांतल्या मित्रांना फोन करून दिली. टायरचा घेर वाढल्याने स्पीडोमीटर आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार होता. ही त्यांच्या मते आणखी एक सोय, कारण मागे बसणाऱ्याला भीती कमी वाटते.

मग पोटाखालची ढाल. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आणला, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा केला, भोकं पाडली, वाकवला, बोल्ट मारले. काम देखणं झालं. सगळं आवळून झाल्यावर लक्षात आलं की ऑइल काढायचा नट त्या पत्र्याआड गेला आहे. निवृत्तीपूर्वी साडू विमानाच्या कारखान्यात होते. मी म्हटलं, "विमानात असं झालं तर?" ते म्हणाले, "विमानाला खडीवर उतरवत नाहीत."

खरा नाजूक भाग मागच्या चाकाकडे. स्पायडरला साखळी नसते. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवतो तो कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेला दातेरी रबरी पट्टा. तेल नको, आवाज नाही, डांबरावर हजारो मैल तक्रार नाही. पण एखादा टोकदार खडा पट्टा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये गेला की तो पट्ट्याला आरपार भोक पाडू शकतो. आणि पट्टा तुटला की ११५ अश्वांपैकी एकही तुमच्या कामाचा नाही. म्हणून साडूंनी दारातलं जाड रबरी पायपुसणं कापून मागच्या मडगार्डला खाली लोंबतं शेपूट लावलं, पट्ट्याच्या खालच्या बाजूला पत्र्याचं कुंपण केलं, आणि जादा पट्टा बरोबर घेतला. तो पट्टा घडी घालता येत नाही, दुमडला तर आतले धागे तुटतात. म्हणजे त्याला मोठी जागा हवी. ती जागा माझ्या कपड्यांच्या डिकीत निघाली. टायरला हवा भरायचा पंप आला, माझे दोन शर्ट गेले. पंक्चरचं सामान आलं, स्वेटर गेला. शेवटी माझ्याकडे अंगावरचे कपडे, एक जोड आणि भरपूर स्पेअर पार्ट उरले.

रेडिएटरला खडे लागू नयेत म्हणून साडूंनी पुढे बारीक स्टीलची जाळी बसवली. जाळी कुठून आणली, हे मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी ताई स्वयंपाकघरातून विचारत होत्या, "रवा चाळायची चाळणी पाहिलीत का कुणी?" साडू तत्परतेने म्हणाले, "शोधतो हं," आणि गॅरेजचं दार लावून घेतलं.

सिएटल ते फेअरबँक्स ते एकटे गाडी चालवत गेले, मी आणि दोघी बहिणी विमानाने. ब्रिटिश कोलंबिया, युकॉन, सगळा डांबरी रस्ता. त्याबद्दल ते एवढंच म्हणाले, "अस्वलं पुष्कळ."

फेअरबँक्सला दोघींनी खडीवर यायला साफ नकार दिला. जवळच चेना नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत, रस्ता चांगला आहे, तिथे त्या डुंबायला जाणार होत्या. निघताना ताईंनी पुढच्या डिकीत चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी भरली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, यांच्याकडे लक्ष ठेवा." बायको काहीच बोलली नाही. तिने फक्त माझ्या विम्याच्या पावतीचा फोटो काढून घेतला.

तो २०१९ चा जून होता. फेअरबँक्सपासून ८४ मैलांवर डाल्टन सुरू होतो. पाटीवर लिहिलं होतं: वेगमर्यादा ताशी ५० मैल, दिवे लावून चालवा. डांबर संपलं आणि हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर साडूंचा आवाज आला, "साडभाऊ, आता खरी गंमत!"

गंमत म्हणजे काय ते पहिल्या मैलात समजलं. दुचाकीला रस्त्यात एकच वाट लागते. खड्डा दिसला की ती बाजूने सटकते. मोटारीला दोन वाटा, त्या ट्रकच्या चाकांनी दाबून घट्ट केलेल्या असतात. स्पायडरला तीन लागतात, म्हणजे वाट लागायची शक्यताही तिप्पट. उजवं चाक घट्ट वाटेवर ठेवावं तर डावं आणि मागचं, दोन्ही मधल्या सुट्या खडीच्या वरंब्यात. खड्डा दोन चाकांच्या मधून सोडला की पुढची दोन्ही सुखरूप पार होतात, आणि नेमक्या त्याच खड्ड्यात मागचं उतरतं. मागच्या चाकावर मी बसलेला. पुढे साडू आनंदाने सांगायचे, "चुकवला बघा!" त्या क्षणी मला माझ्या कण्याचे सगळे मणके स्वतंत्रपणे कळायचे. तीन तिघाडा काम बिघाडा हे ज्याने म्हटलं तो नक्की मागे बसला असणार.

शिवाय ही गाडी वळणावर झुकत नाही. मोटरसायकल झुकते, म्हणून बसणाराही झुकतो. स्पायडर सरळ उभी राहून वळते आणि बसणाऱ्याला बाहेरच्या बाजूला फेकते. माझं अंग मात्र चेतकच्या सवयीने झुकत राही. साडू म्हणायचे, "झुकू नका, उपयोग नाही." मी म्हणायचो, "समाधानासाठी झुकतोय."

ट्रक हा या रस्त्याचा मालक. रस्ता बांधलाच त्यांच्यासाठी, आणि बऱ्याच वर्षांनी, १९९४ मध्ये, सामान्य लोकांना शेवटपर्यंत जाऊ दिलं. समोरून धुळीचा ढग दिसला की कडेला घ्यायचं, वेग कमी करायचा किंवा थांबायचं. साडू ट्रक दिसला की बटण दाबून पुढची काच पूर्ण वर करत आणि मान खाली घालत. ट्रक गेला की खडी काचेवर, धूळ दोघांच्या तोंडावर, आणि मग दहा-पंधरा सेकंद जगात काहीच दिसत नसे. सुरुवातीच्या तासाभरातच सिद्ध झालं की ५० ने चालणारी स्पायडर स्वतःच्याच पुढच्या चाकांनी स्वतःवर दगडफेक करते. ३० वर आलो की ती थांबते. साडूंनी ३० कबूल केले नाहीत, पण त्यांचा स्पीडोमीटर कमी दाखवायचा, तेव्हा ते २९ ने चालवत होते असं म्हणता येईल.

छप्पन्नाव्या मैलावर युकॉन नदी. अलास्कात या अवाढव्य नदीवर मोटारीचा हा एकच पूल. तो उताराचा आहे आणि त्यावर डांबराऐवजी लाकडी फळ्या. पावसाची सर आलेली, फळ्या ओल्या. पुढे दोन दुचाकीस्वार होते, मोठमोठ्या ॲडव्हेंचर मोटरसायकली, अंगावर चिलखतं. ते दोन्ही पाय खाली सोडून, फळीफळीला नमस्कार करत चालले होते. साडू त्यांच्या मागून पायाची बोटंही न हलवता पार झाले. पलीकडच्या तीरावर ते अर्धा तास त्या दोघांची वाट पाहत उभे राहिले, केवळ त्यांनी आपल्याला उभं राहिलेलं पाहावं म्हणून. तीन चाकांचं हे मोठेपण मान्य करायला हवं. दुचाकीवाला पडतो, उठतो आणि पुढे जातो. आम्ही पडत नव्हतो. पुढे जाण्याबद्दल नंतर सांगतो.

त्यानंतरच्या चढावर इंजिनाचं तापमान वाढायला लागलं. उतरून पाहिलं तर रव्याची चाळणी गच्च भरली होती. थोडा चिखल, बाकी डास. अलास्काच्या जूनमधल्या डासांबद्दल ऐकलं होतं, पण चाळून वेगळे काढलेले प्रथमच पाहत होतो. जाळी खडे अडवायला हवी तर तिची भोकं हवा जाण्याइतकी मोठी हवीत. हे विमानाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला मी सांगितलं नाही, कारण तोंड उघडलं की डास आत जात होते. चाळणी काढली आणि तापमान खाली आलं. साडूंनी ती पुसून, कागदात गुंडाळून मागच्या डिकीत ठेवली. "घरी लागेल," म्हणाले.

११५ व्या मैलावर आर्क्टिक वृत्ताची पाटी. तिथे प्रत्येकजण फोटो काढतो. आमच्या फोटोत मी स्वतःच्या गालावर आणि साडू माझ्या पाठीवर चापट मारताना आलो आहोत. बायकोने नंतर विचारलं, भांडण कशावरून झालं?

निघताना मी एक अट घातली होती: अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. साडूंनी ती ताबडतोब मान्य केली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. जूनमध्ये आर्क्टिक वृत्ताच्या वर सूर्य मावळत नाही. दिवसभर धक्के खाल्ल्यावर घड्याळात साडेदहा वाजले, ऊन लख्ख, आणि साडू म्हणतात, "अजून पुष्कळ उजेड आहे." तो पुढे कित्येक आठवडे राहणार होता!

कोल्डफूट हा १७५ व्या मैलावरचा थांबा. पेट्रोल, खाणं, झोपायला साध्या खोल्या. याचा इतिहास छान आहे. डिक मॅकी नावाचा माणूस कुत्र्यांच्या गाडीची इडिटारॉड शर्यत १९७८ साली जिंकला, एका सेकंदाने. हजार मैलांची शर्यत, आणि फरक एका कुत्र्याच्या नाकाचा. त्याच माणसाने १९८१ मध्ये इथे एका जुन्या शाळेच्या बसमध्ये ट्रकवाल्यांना बर्गर विकायला सुरुवात केली, आणि पुढे ट्रकवाल्यांनीच हात लावून तो थांबा उभा केला. मला हा माणूस फार आवडला. एवढी मोठी शर्यत जिंकूनही त्याने नंतर भाषणं न देता खानावळ काढली.

तिथे आम्ही चिवडा काढला. पुढच्या डिकीच्या कडेला रबर असतं, पाणी आत येत नाही, पण डाल्टनची धूळ पाण्याहून हुशार आहे. दाण्यादाण्यावर करडी पूड बसली होती. आम्ही तो खाल्ला. एक ट्रकवाला हातात कॉफीचा मग घेऊन स्पायडरभोवती दोनदा फिरला, मागे वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "चौथं चाक कुठे पडलं? येताना मला वाटेत दिसलं नाही." साडू दुखावले. पण त्याने जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती आमच्या सगळ्या पत्र्या-जाळ्यांहून मोलाची होती: "पुढे डांबर लागलं की जपा, खडीवर नाही." खरंच होतं. जमीन खाली कायमची गोठलेली, वरचा थर वितळतो, गोठतो, फुगतो, आणि डांबराच्या त्या तुकड्यांना लाटा येतात. खडी ग्रेडर फिरवून सारखी करता येते. फुगलेलं डांबर फुगलेलंच राहतं. गुळगुळीत दिसलं म्हणून साडूंनी वेग वाढवला आणि आमची पत्र्याची ढाल पहिल्यांदा जमिनीला लागली ती डांबरावर.

रस्त्याला सोबत होती तेलाच्या पाइपलाइनची. ४८ इंच व्यासाचा पाइप, ८०० मैल, थेट दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरापर्यंत. गरम तेलाने गोठलेली जमीन वितळू नये म्हणून बराच भाग खांबांवर उचललेला, आणि तापमानाने लांबी कमी-जास्त झाली, भूकंप झाला तर सरकता यावं म्हणून नागमोडी टाकलेला. डोंगर चढताना मी त्या पाइपकडे हेव्याने पाहत होतो. तो जाग्यावर बसून समुद्राहून समुद्रापर्यंत पोचला होता.

अटिगन खिंड ४७३९ फुटांवर आहे. इथे पाऊस लागला. धूळ दबावी म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. कोरडं असताना उत्तम, पावसात त्याचा साबणासारखा चिखल होतो आणि गाडीवर वाळला की सिमेंट. भर चढावर समोरून ट्रक आला, आम्ही रीतीप्रमाणे थांबलो. ट्रक गेला. साडूंनी मूठ पिरगळली. मागचं चाक एकदा घसरलं आणि इंजिन गप्प झालं. पुन्हा मूठ, पुन्हा गप्प.

स्पायडरमध्ये एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. चाक घसरतंय, गाडी तिरकी होतेय असं तिला वाटलं की ती इंजिनाची ताकद कापते, ब्रेक लावते. डांबरावर ती जीव वाचवते. तिकडचे स्वार तिला नॅनी म्हणतात, साडू आत्याबाई म्हणायचे. आरटीवर आत्याबाईंना झोपवायचं बटण नाही. "साडभाऊ, उतरा. वजन कमी होऊ दे," ते म्हणाले. मी उतरलो, चिखलात उभा राहून मागून जोर लावला. चाक आता जास्तच घसरलं, कारण त्या एका चाकावर जो काही भार होता तो मी होतो. हे दोघांच्या एकदम लक्षात आलं. "बसा, बसा! परत बसा!" लग्नापासून बायको माझ्या वजनाविरुद्ध बोलत आली आहे. अटिगन खिंडीत ते प्रथमच कामाला आलं, आणि ती साक्षीला नव्हती.

तरीही गाडी हलेना. शेवटी साडूंनी मागच्या टायरची २८ पौंडांची हवा सोडून १८ वर आणली. टायर पसरला, चिखलाला धरला, आणि गाडी आत्याबाईंना काही कळायच्या आत हलली. इतके पत्रे, जाळ्या, बोल्ट आणि पायपुसणं, आणि खिंड पार करून दिली ती सोडून दिलेल्या दहा पौंड हवेने. साडूंनी ते मान्य केलं, पण "टायर चांगले होते म्हणून" हे पुढे जोडून.

खिंडीपलीकडे पट्ट्यातून टक-टक आवाज आला. खडा सापडलाच होता. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढला. पट्ट्याला बारीक आरपार भोक पडलं होतं, पण धागे शाबूत होते, आणि तो परतेपर्यंत टिकला. ज्या जादा पट्ट्यासाठी माझे कपडे सिएटलला राहिले, तो डिकीतून बाहेर आलाच नाही. मी चिखलाची पँट घालून ताठ बसलो होतो. वाळल्यावर दुसरा पर्याय नव्हता.

कोल्डफूटपासून डेडहॉर्सपर्यंत २४० मैल पेट्रोल मिळत नाही. स्पायडरची टाकी २६ लिटरची. डांबरावर हिशेब काठावर बसतो, चिखलात बसत नाही. जादा पेट्रोलचा कॅन मागच्या रॅकवर बांधला होता. तो ओतला, आणि डेडहॉर्सला पोचलो तेव्हा काटा लाल पट्टीवर थरथरत होता.

डेडहॉर्स हे गाव नाही. कंटेनर रचून केलेली वसतिगृहं, यंत्रं, पाइप आणि कामगार. साडू तरी गहिवरले. म्हणाले, "चला, महासागरात पाय घालू." आणि इथे कळलं की समुद्र थोड्याच मैलांवर असला तरी मधली जागा तेलक्षेत्राची आहे. फाटकातून आपली गाडी नेता येत नाही. परवानगीच्या बसनेच जायचं, आणि तिच्यासाठी ओळखपत्राच्या तपशिलांसह निदान २४ तास आधी नाव नोंदवायचं. साडूंकडे जादा पट्टा होता, जादा बल्ब होते, पंप होता, अस्वलासाठी फवारा होता. नोंदणी नव्हती. दुसऱ्या रात्रीसाठी खोली शिल्लक नव्हती. फाटकावरच्या माणसाने सहानुभूतीने स्पायडरकडे पाहिलं आणि ही इथपर्यंत आली कशी, एवढंच विचारलं. त्यावर साडू पाऊण तास बोलले. समुद्राची भरपाई त्यांना तिथे मिळाली असावी.

परतीचा प्रवास तसाच झाला, उलट्या क्रमाने. फेअरबँक्सला धुण्याच्या यंत्रात नाणी संपेपर्यंत गाडी धुतली तरी सिमेंट कोपऱ्याकोपऱ्यात राहिलंच. ताईंना चाळणी परत मिळाली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, एक पाय आणि दोन पंख अजून अडकलेले होते, आणि ती चाळणी आता गॅरेजमध्ये कायम राहायला आहे.

पुढे २०२४ मध्ये कंपनीनेच कॅन्यन नावाची तीनचाकी जाहीर केली. उंच सस्पेन्शन, कच्च्या वाटांचे टायर, पोटाखाली संरक्षण, सगळं कारखान्यातूनच. साडूंनी माहितीपत्रक मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "आपली कल्पना." मी विचारलं, घेणार का? ते म्हणाले, "छे, तिच्यात करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही."

तुम्ही स्पायडर घेऊन डाल्टनला जाणार असाल तर चाळणी घरी ठेवा, कोल्डफूटला टाकी आणि कॅन काठोकाठ भरा, चिखलात हवा सोडायला लाजू नका आणि मागे वजनदार माणूस बसवा. पण सगळ्यात आधी त्या बसमध्ये नाव नोंदवा.